सबका मालिक एक... आणि आडनाव काय?

शिर्डीच्या रांगेत सगळे सारखे. मग सोमवारी ऑफिसात बायोडेटाचे दोन गठ्ठे का होतात? ‘डायव्हर्सिटी’ या शब्दाचा जगभर गाजावाजा झाला आणि आता जगभर त्याची खिल्लीही उडते आहे. या भांडणात आपल्या मराठी मुलखाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

शुक्रवार रात्र. हिंजवडी, मगरपट्टा, अंधेरी, ठाणे, कुठूनही निघा, एक तरी बस शिर्डीला चाललेली असतेच. लॅपटॉपची बॅग सीटखाली, कानात इअरफोन आणि मनात एकच मागणं: बाबा, या अप्रेझलला तरी बघा. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मुंबईहून वंदे भारतही धावते, विमानतळ तर २०१७ पासूनच आहे. वीकएन्डला शिर्डीत फिरताना अर्धी कॉर्पोरेट दुनिया अनवाणी चाललेली दिसते. दर्शनबारीत व्हाइस प्रेसिडेंट पुढे आणि त्याच्याच कंपनीतला हाउसकीपिंगवाला मागे, असं चित्र सहज दिसू शकतं. (व्हीआयपी पास नावाची चीज इथेही आहे म्हणा, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

नोकरी मागायला आपण ज्यांच्या दारात जातो, त्या साईबाबांचाही एकदा ‘इंटरव्ह्यू’ झाला होता, हे किती जणांना माहीत आहे? बाबांच्या चरित्रकारांनी नोंदवलेली ही गोष्ट आहे. धुळ्याच्या कोर्टात चोरीचा एक खटला चालला होता. आरोपीने सांगितलं की दागिने मला साईबाबांनी दिले. मग बाबांची साक्ष घ्यायला कमिशनर थेट शिर्डीत आला आणि सरकारी फॉर्मचे कॉलम भरायला बसला. नाव काय? लोक साईबाबा म्हणतात. वडिलांचं नाव? तेही साईबाबाच. पंथ विचारला तर उत्तर आलं कबीर, जात विचारली तर परवरदिगार आणि वय विचारलं तर लाखो वर्षं! बिचाऱ्या कमिशनरचा एकही रकाना धड भरला गेला नसणार.

आता कल्पना करा, असा बायोडेटा आज तुमच्या एचआरच्या टेबलावर आला तर? ‘बॅकग्राउंड नॉट क्लिअर’ असा शेरा मारून पाचव्या मिनिटाला बाद.

फॅमिली बॅकग्राउंड, प्लीज

नगर-मनमाड रस्त्यावरच्या ज्या लॉजमध्ये मी उतरले होते, तिथल्या रिसेप्शनवरचा मुलगा बीसीएस झालेला निघाला. राहाता तालुक्यातला, विशीतला, बोलायला चुणचुणीत. वायफाय चालत नव्हतं म्हणून त्याने राउटर उघडलं, काहीतरी खुडबुड केली आणि दोन मिनिटांत नेट चालू. ‘‘इथे काय करतोस मग?’’ असं मी सहज विचारलं.

‘‘पुण्याला तीनदा जाऊन आलो ना मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘एका ठिकाणी तर कोडिंगचा राउंड क्लिअर झाला होता. मग आत बोलावलं. घरी कोण काय करतं, वडील काय करतात, राहायला कुठे, सगळं विचारलं. वडील प्रसादाच्या दुकानात कामाला आहेत म्हणून सांगितलं. बराच वेळ गप्पा मारल्या त्यांनी, चहासुद्धा पाजला. पण कोडिंगचं काहीच नाही विचारलं. नंतर कळवतो म्हणाले. अजून कळवतायत.’’

त्याच्या शर्टावरच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव होतं. आडनाव मी विचारलं नाही. तो का नापास झाला, हे मी सांगू शकत नाही आणि तोही सांगू शकत नाही. खरी गोम इथेच आहे. असा नकार सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. आत बसलेल्या तीन माणसांनाही आपण नक्की कशाला नाही म्हणालो, हे धड सांगता येणार नाही.

पण एक मुलगा आणि एक इंटरव्ह्यू सोडून हजारो अर्ज एकत्र पाहिले, की चित्र स्वच्छ दिसायला लागतं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी पेपरांत खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येत, त्यांना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच. बदल फक्त नावात: एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, एक दलित वाटेल असं आणि एक मुस्लिम. एकूण ५४८ जाहिराती आणि ४,८०८ अर्ज. निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाला बोलावणं येण्याची शक्यता १०० धरली, तर दलित नावाला ती सुमारे ६७ आणि मुस्लिम नावाला सुमारे ३३. लक्षात घ्या, हा इंटरव्ह्यूचा निकाल नाही. इंटरव्ह्यूला बोलवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. अजून कोणी तोंडही उघडलेलं नव्हतं!

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजर्सनाच बोलतं केलं. जात बघता का, असं विचारल्यावर अर्थातच ‘छे छे, आम्ही फक्त मेरिट बघतो’. पण चांगला उमेदवार कसा ओळखता, असं विचारल्यावर जवळपास सगळ्यांच्या उत्तरात एक गोष्ट आली: फॅमिली बॅकग्राउंड. वडील काय करतात, भावंडं किती शिकली, गाव की शहर. मॅनेजर दुष्ट होते असं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की घरावरून माणूस कळतो. पण आपल्याकडे ‘घर’ म्हटलं की जात आलीच. ती दारातून आत येत नाही, ‘तुमच्याबद्दल थोडं सांगा ना’ म्हणत खिडकीतून येते.

आणि हा फक्त आपल्याकडचा आजार नाही. बॉस्टन आणि शिकागोमध्ये असाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २००४ मध्ये आला. एमिली आणि ग्रेग अशी गोरी वाटणारी नावं असलेल्या अर्जांना, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. बायोडेटा तसेच, फरक नावाचा.

वाचा आणि थंड बसा

हे वाचून ‘आमच्या ऑफिसात असलं काही नाही बुवा’ असं म्हणणाऱ्या मराठी वाचकाला मी साठच्या दशकातल्या मुंबईत घेऊन जाणार आहे. कारण नोकरीतल्या आडनावांची मोजदाद हा प्रकार आपल्याकडे अमेरिकेतून आलेला नाही. तो आपण स्वतःच सुरू केला होता.

बाळासाहेब ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकात तेव्हा याद्या छापून येत. मुंबईतल्या कंपन्यांमधल्या आणि सरकारी कचेऱ्यांमधल्या अधिकाऱ्यांची नावं, एकाखाली एक. मथळा असे ‘वाचा आणि थंड बसा’. पुढे तो बदलून ‘वाचा आणि उठा’ झाला. यादीत मराठी आडनावं शोधावी लागत. मुंबई मराठी मुलखाची राजधानी, पण टायपिस्टपासून मॅनेजरपर्यंत खुर्चीत दुसरंच कोणी, हा राग त्या यादीने पेटवला. १९६६ मध्ये शिवसेना आली ती या रागावर स्वार होऊन. पुढे उद्योगांमधल्या ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याचं धोरण राज्य सरकारने घेतलं, त्यामागेही हीच मागणी होती.

आता जरा शांतपणे बघा. त्या यादीचं म्हणणं काय होतं? ‘आमची मुलं लायक आहेत, पण आत बसलेला साहेब आपल्या गावच्या, आपल्या भाषेच्या माणसाला बोलावून घेतो. त्यामुळे आमच्या मुलाचा अर्ज पोहोचतच नाही.’ आजच्या भाषेत याला रेफरल हायरिंग म्हणतात आणि त्यावर बोनसही मिळतो! म्हणजे आपण दाराबाहेर होतो, तेव्हा मेरिट नावाची गोष्ट किती ओळखीपाळखीची असते, हे मराठी माणसाला अगदी लख्ख दिसत होतं. आज आपल्यापैकी बरेच जण दाराच्या आत आहेत. आतून ते दिसेनासं होतं, इतकंच.

त्या यादीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपन्यांच्या धोरणावरचा राग रस्त्यावर उतरला तेव्हा त्याचा फटका साहेबांना कमी आणि उडप्याच्या हॉटेलात राबणाऱ्या पोऱ्याला जास्त बसला. मोजायला सुरुवात झाली दार उघडावं म्हणून, आणि शेवट झाला कोणालातरी हाकलण्यात. नावांची यादी हे असं दुधारी हत्यार आहे. ती कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, यावर सगळं ठरतं.

मेरिटवाले विरुद्ध मोजणीवाले

खासगी क्षेत्रात हा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो २००६ मध्ये. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी एप्रिलमध्ये सीआयआयच्या व्यासपीठावरून उद्योगपतींना सांगितलं की समाजातल्या वंचित घटकांना नोकऱ्यांत सामावून घ्यायला आपणहून पुढे या. लगेच टीव्हीवर चर्चांचा धुरळा. खासगीत आरक्षण येणार का? उद्योगांनी टाटा समूहाच्या जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली एक कृती गट नेमला. त्याने सुचवलं की कायद्याची सक्ती नको, आम्ही स्वखुशीने आचारसंहिता पाळू, शिष्यवृत्त्या देऊ, प्रशिक्षण देऊ. त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना उभी केली होती. नोकरी मागणारे नाही, देणारे व्हा, हा तिचा मंत्र.

सक्तीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मान्य करायला हवं. कंपनी चालते ती क्लायंटच्या पैशावर. कोटा भरायचा म्हणून माणूस घेतला तर बाकीचे त्याच्याकडे ‘डायव्हर्सिटी हायर’ म्हणून बघतात आणि तो कितीही चांगला असला तरी तो शिक्का पुसला जात नाही. स्थानिकांसाठी ७५ टक्के नोकऱ्या राखून ठेवणारा हरियाणाचा कायदा तिथल्या हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. कर्नाटकाने २०२४ मध्ये तसंच विधेयक आणलं आणि उद्योगांची ओरड होताच काही दिवसांतच ते बाजूला ठेवलं. अमेरिकेत तर उलटी गंगाच वाहू लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सरकारी खात्यांतले डायव्हर्सिटीचे कार्यक्रम गुंडाळण्याचा आदेश काढला आणि त्याच महिन्यात ‘मेटा’नेही आपले कार्यक्रम आवरते घेतले.

पण मग ‘स्वखुशीने’ काय झालं, हेही विचारायला नको? २०१२ मध्ये देशातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आडनावांवरून जातींचा अंदाज बांधला. (बघा, पुन्हा आडनावच!) सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय निघाले. ओबीसी चार टक्क्यांच्या आत, अनुसूचित जाती-जमातींचे तेवढेही नाहीत. इतक्या मोठ्या देशात हे सगळं निव्वळ मेरिटने घडलं, असं मानायला श्रद्धा आणि सबुरी दोन्ही लागतील.

जिथे कोणीतरी जाब विचारला, तिथे मात्र गोष्टी हलल्या. १९७४ मध्ये टेल्कोने इंजिनीअर हवेत अशी जाहिरात दिली आणि खाली टीप टाकली की महिलांनी अर्ज करू नयेत. बंगळूरच्या टाटांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, भडकल्या आणि त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्यात इंटरव्ह्यू झाला आणि त्यांना नोकरी मिळाली. जाहिरातीतली ती ओळ निदान छापलेली तरी होती! म्हणून तर तिच्याविरुद्ध पत्र लिहिता आलं. आज असली ओळ कोणी छापत नाही. लॉजवरच्या त्या मुलाने पोस्टकार्ड कोणाला आणि कशाबद्दल लिहायचं?

कायदाही काहीसा असाच अर्धा दिवा लावून बसला आहे. दिव्यांग, ट्रान्सजेंडर, एचआयव्हीबाधित यांच्याशी नोकरीत भेदभाव करू नका, असं तो खासगी कंपन्यांनाही बजावतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या बोर्डावर बाई बसवणं सक्तीचं केलं. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘सेबी’च्या अहवालात बायका किती आणि दिव्यांग कर्मचारी किती, हे जाहीर करावं लागतं. आणि जात-धर्म? तो रकानाच नाही. जे मोजलं जात नाही, त्याची मीटिंगही होत नाही. बायकांचा आकडा पुढच्या वर्षी वाढायला हवा म्हणून धावपळ होते, कारण तो छापला जातो.

पुढचा स्टॉप : शिंगणापूर

शिर्डीला गेलेली मंडळी बहुतेक वेळा शिंगणापूरही करून येतात. त्याच जिल्ह्यात, साधारण सत्तर किलोमीटरवर. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून जगप्रसिद्ध. आपल्या विषयातलं सगळ्यात ताजं आणि बोचणारं उदाहरण याच गावातलं आहे.

या देवस्थानाचा इतिहास मजेशीर आहे. जानेवारी २०१६ मध्ये अनिता शेटे ट्रस्टच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तेव्हा बायकांना चौथऱ्यावर जायला बंदी होती! म्हणजे बाई ट्रस्टची बॉस, पण चौथऱ्यावर पाय ठेवता येत नाही. आंदोलन झालं, हायकोर्टाने एप्रिलमध्ये सुनावलं आणि चौथरा खुला झाला. नुसतं बोर्डावर एक नाव आणून बसवलं की डायव्हर्सिटी झाली असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाठ करून ठेवावं.

आता २०२५ कडे या. चौथऱ्याजवळ मुस्लिम कामगार काम करतानाचा एक व्हिडिओ फिरला. हिंदुत्ववादी संघटनांनी आक्षेप घेतला आणि १४ जूनला मोर्चाचा इशारा दिला. मोर्चाच्या तोंडावर ट्रस्टने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. त्यांतले ११४ मुस्लिम होते. ट्रस्टने कारण दिलं ते गैरहजेरी आणि शिस्तभंगाचं. असेलही. दांडी मारणाऱ्याला काढायचा हक्क कोणत्याही मालकाला आहे. पण मग दांडीचा हिशेब मोर्चाची तारीख बघून का झाला? कोणाच्या किती दिवस दांड्या, कोणाला कधी नोटीस, तोच नियम बाकीच्या सगळ्यांना लावला का, हे कागद आधी गावापुढे ठेवले असते तर शंकेला जागा उरली नसती.

पुढच्याच महिन्यात तर कहाणीने वळण घेतलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत याच देवस्थानातल्या कागदोपत्री, बोगस कर्मचाऱ्यांचं आणि बनावट ॲपचं प्रकरण मांडलं. म्हणजे दुखणं होतं ते बिनहिशेबी भरतीचं. चर्चा मात्र आडनावांची झाली. आजार एकीकडे आणि ऑपरेशन दुसरीकडे!

इथे शिर्डीतले अब्दुलबाबा आठवतात. द्वारकामाईत झाडलोट करणारे, दिवे लावणारे. १९१८ मध्ये बाबांनी देह ठेवल्यावर समाधीची सेवा त्यांनीच सांभाळली. त्यांची स्वतःची कबर आजही लेंडीबागेजवळ आहे. आणि भागोजी शिंदे? महारोग झालेला माणूस. बाबांचा हात धुनीत भाजला तेव्हा मुंबईहून डॉक्टर आले. पण बाबांनी हाताची पट्टी बांधायचं काम भागोजीकडेच ठेवलं, असं साईसच्चरितात आहे. भक्त याला लीला म्हणतात. मला त्यात कामाचा एक साधा नियम दिसतो. काम कोण नीट करतो ते बघा, बाकीचे रकाने कोरे राहू द्या.

सोमवारी काय करायचं?

सरकार कायदा करेल तेव्हा करेल. अमेरिकेत कोण निवडून येतं, यावर आपल्या ऑफिसातली भरती ठरायचं कारण नाही. तुम्ही टीम लीड असाल, पॅनलवर बसत असाल किंवा नुसता मित्राचा बायोडेटा फॉरवर्ड करत असाल, तरी नोकरीच्या साखळीतली एक कडी तुमच्या हातात आहेच. तर, शिर्डीहून परतल्यावर करायचा हा होमवर्क. लाडूच्या पाकिटाबरोबर एचआरच्या टेबलावर ठेवायला हरकत नाही!

• पहिल्या चाळणीत नाव, फोटो, पत्ता आणि वडिलांचा व्यवसाय झाकून बायोडेटा वाचा. एक्सेलमध्ये चार कॉलम लपवायला दोन मिनिटं लागतात.

• सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि मार्क तिथेच लिहा. गप्पा मारून ‘फील’ घेणं लग्नाच्या बोलणीत ठीक आहे, भरतीत नाही.

• ‘घरी कोण कोण असतं?’ हा प्रश्न बंद. बदलीची तयारी आहे का हे हवं असेल, तर सरळ तेच विचारा.

• ‘कल्चर फिट नाही’ असा शेरा आला की पुढे एक वाक्य कारण मागा. कारण लिहिता आलं नाही, तर शेरा बाद.

• दहावीपासून सगळीकडे ६० टक्के हवेत, गॅप नको, ही अट कोणत्या कामाला खरंच लागते ते तपासा. कमवून शिकलेल्याचं एखादं वर्ष गेलेलंच असतं.

• रेफरल बंद करू नका, पण दर तिमाहीत एकदा मोजा. दहापैकी किती माणसं ओळखीने आली आणि किती सरळ अर्जाने? तालुक्याच्या कॉलेजातून किती?

• कोणाला काढायचं असेल तर नियम आधी लिहा, नावं नंतर बघा. हा क्रम उलटा झाला की त्याला शिस्त म्हणत नाहीत.

आणि हो, रेफरलची लिंक ऑफिसच्या ग्रुपवर टाकण्याआधी ती एकदा राहाता, कोपरगाव, संगमनेरच्या कॉलेजांच्या प्लेसमेंट सेललाही पाठवून बघा. राउटर दुरुस्त करणारी पोरं तिथे बरीच आहेत.